चौथ्या रांगेतलं सातवं

अंगठ्याचं नख जिथे केसांना लागायला हवं होतं तिथे लाकडाला लागलं, आणि तिने ब्रश होता तसाच धरून ठेवला. कपडे झाडायचा साधा ब्रश. वीतभर लांब, मुठीत बसेल अशी पाठ, वरून मेणाचा हात फिरवलेला. ब्रश हातात आला की अंगठा रांगांवरून फिरवून बघायचा, ही सवय तिच्या वडिलांची. एवढ्या वर्षांत तिने कितीतरी ब्रश घेतले, झिजवले, फेकून दिले. ते सगळे प्लॅस्टिकचे होते आणि त्यांच्यावरून अंगठा फिरवावा असं कधी मनातही आलं नव्हतं. आज तो आपसूक फिरला. पहिली रांग, दुसरी, तिसरी. चौथ्या रांगेत केसांचे सहा झुबके अंगठ्याखालून गेले आणि सातव्याच्या जागी गुळगुळीत लाकूड लागलं. त्यापुढे आठवा झुबका पुन्हा जागच्या जागी होता. तिने तो ब्रश खाली ठेवला, शेजारचा उचलला. चौथी रांग, सहा झुबके, लाकूड. तिसरा तिने उचललाच नाही. नुसती वाकली आणि पाहिलं. मग सरळ उभी राहिली. दोन वर्षांपासून तिचा उजवा हात थोडा कापायचा, त्यामुळे तो तिने सवयीने पदराखाली घेतला.

बाजार महिन्यातल्या एका रविवारी भरायचा. पालिकेच्या गाड्या पूर्वी जिथे उभ्या राहायच्या तो पत्र्याच्या छपराचा तळ. जमिनीवर तेलाचे काळे डाग अजून होते आणि गाड्यांसाठी आखलेल्या पिवळ्या चौकोनांत आता माणसं बसली होती, दर चौकोनाला एक धंदा. मातीची भांडी, विणलेल्या टोप्या, हाताने शिवलेल्या वह्या, साबण, लाकडी खेळणी, पुन्हा साबण. तिला इथे आणायची ती सून. सुनेचं म्हणणं असं की, महिन्यातून एकदा तरी आपण असल्या लोकांकडून घ्यायला हवं. मोठ्या दुकानांना आपली काय गरज आहे?

"आणि आपल्याला साबणदाणीची काय गरज आहे?" आत शिरल्या शिरल्या तिने विचारलं होतं.

"ही लाकडाची आहे, आई."

"मागच्या महिन्यातली?"

"ती दगडाची होती."

मुलगा घरी म्हणायचा, घरात माणसं तीन आणि साबणदाण्या पाच झाल्यात, आता तुम्ही दोघी मिळून दोन माणसं दत्तक घ्या. सून हसायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा निघायची. तिला ही सून आवडायची. सुनेची तिच्यावर श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेत भाबडेपणा नव्हता, कौतुक होतं. ते कौतुक ती अंगावर उबदार कपड्यासारखं घ्यायची. आता सून दोन चौकोन पलीकडे एका कुंभाराशी चहाच्या मगाच्या कानाबद्दल वाद घालत होती आणि ती ब्रशांपुढे उभी होती. फळीवर ब्रश ओळीने मांडलेले. बुटांचे, बाटल्यांचे, फरशी घासायचे. आणि सर्वांत पुढे हे, कपड्यांचे, पंचवीस तरी असतील. मागे एक जाड चादर पडद्यासारखी टांगलेली. तिच्या आडून थोड्या थोड्या वेळाने एक आवाज येत होता. तार ओढली जाते, झुबका दुमडून भोकात बसतो, तेव्हा येतो तो. खट्. मध्ये एका श्वासाएवढी जागा. खट्. बाजारातल्या गलक्यातून तो आवाज तिला सुटा ऐकू येत होता. बहुधा आल्यापासून येत असावा आणि तिचे पाय त्याच्याच मागे इथवर आले असावेत.

तो आवाज हेच तिचं लहानपण होतं. घर वर आणि कारखाना खाली. कारखाना म्हणजे लांबट खोली, तीन खिडक्या, सहा माणसं. लाकडाच्या ठोकळ्यावर पत्र्याचा साचा ठेवायचा, साच्यातल्या भोकांतून खुणा करायच्या, खुणांवर पायाच्या यंत्राने भोकं पाडायची. मग पाठीमागून तारेचा फास आत घ्यायचा, फासात चिमूटभर केस धरायचे, ओढायचं. असे एका ब्रशात पंचावन्न झुबके, अकरा-अकराच्या पाच रांगा. शेवटी पाठीवर पातळ फळी बसवली की तारेचं सगळं जाळं झाकलं जायचं. ओढणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीवर, दुसऱ्या पेरापाशी, तारेने कापल्याची एक आडवी खूण असायची. तिलाही होती. बाराव्या वर्षापासून ती शाळेतून आली की खाली बसायची, वडिलांना मुलगा नव्हता आणि तिला खेळायची आवड नव्हती. तिला शिकवलं ते मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे कारखान्यातला मुख्य हात. वडील मालक असले तरी साच्याला हात लावायचे ते फक्त मिस्त्री. उंच माणूस, बोलणं कमी, थट्टा कोरड्या चेहऱ्याने. ती सारखी चुका काढायची, हा झुबका बारीक आहे, ती रांग तिरकी आहे, म्हणून ते तिला मास्तरीणबाई म्हणायचे. "मास्तरीणबाई, हा तपासा. नापास असेल तर छडी तुम्हीच आणा." तिने पास केलेला ब्रश ते वेगळ्या टोपलीत ठेवायचे. तो ठेवताना त्यांची मान किंचित वाकायची, आणि ती थट्टा आहे की मान आहे हे तिला कधीच नक्की कळलं नव्हतं.

"बघा ना मावशी, उचलून बघा. बघायला काही पडत नाही."

ठेलेवाली बाई खालून पिशव्या काढून उभी राहिली होती. पंचेचाळिशीची असेल. उंच.

"यात एक कमी आहे," ती म्हणाली.

"लगेच दिसलं तुम्हाला? लोकांना वापरून वापरून कळत नाही." बाईला कसलाच संकोच वाटला नव्हता. "सगळ्यांत आहे तसं."

"का?"

"खरं सांगू, की गिऱ्हाइकाला सांगते ते सांगू?"

"गिऱ्हाइकाला काय सांगता?"

"गिऱ्हाईक बघून सांगते. घाईतला असला तर, पाणी निथळायला. पोरी असल्या तर, ब्रशला श्वास घ्यायला. नवरा-बायको आले की सांगते, पंचावन्न जणांत एकाने तरी गप्प बसावं लागतं, त्याशिवाय संसार चालत नाही. मघाशी एक साहेब आले होते, त्यांना म्हटलं परदेशी तंत्र आहे. दोन घेतले त्यांनी."

"आणि खरं?"

"खरं बाबांना ठाऊक." बाईने मानेनेच चादरीकडे दाखवलं. "ते म्हणतात, ती आपली चूक आहे, ती झाकायची नाही. एवढंच. पुढे विचारलं की ऐकू येत नाही त्यांना. कान चांगले आहेत हो. डोळे नाहीत."

एवढ्यात सून आली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि चेहऱ्यावर सौदा जिंकल्याचं समाधान. ब्रशातली उणीव सासूने क्षणात ओळखली हे ऐकून तिला अजिबात नवल वाटलं नाही. "आमच्या आईंच्या नजरेतून काही सुटत नाही," ती बाईला सांगू लागली. "सदतीस वर्षं आराखडे काढलेत त्यांनी. पाण्याच्या नळांचे. तुमच्या आमच्या घरात पाणी येतं ना, ते यांच्या रेघेवरून येतं. आणि सदतीस वर्षांत एक चूक नाही! निरोपाच्या दिवशी साहेबांनी पैज लावली होती, कुणीतरी यांची एक चूक शोधून दाखवा. कुणाला सापडली नाही." बाई कौतुकाने हं हं करत होती. सुनेला कुंभाराकडे दुसरा मगही घ्यायला हवा होता असं आत्ता सुचलं, जोडी हवी ना, आणि ती पुन्हा गेली. चादरीमागे खट् झालं.

पैजेची ती गोष्ट खरी होती. कचेरीत तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणायचे. ती रेघ मारायची, मोजायची, पुसायची, पुन्हा मोजायची. दुसऱ्यांचे आराखडे घरी आणून तपासायची. लग्न होऊन आली तेव्हा नवरा म्हणायचा, तू भाजीसुद्धा मोजपट्टीने चिरतेस. लोकांना तो स्वभाव वाटायचा. तिला ठाऊक होतं की तो स्वभाव नाही. कारखान्यातल्या तिच्या बाकीच्या वर्षांचे तुकडे आता इकडेतिकडे विखुरले होते, एक खिडकी, गोंदाचा वास, कुणाचा तरी खोकला; पण एक आठवडा मात्र तिला दिवसागणिक, तासागणिक आठवायचा. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मिस्त्रींच्या डोळ्यांना काहीतरी झालं होतं, डॉक्टरांनी थेंब दिले होते आणि सहा दिवस घरी बसायला सांगितलं होतं. एका मोठ्या हॉटेलची तीनशे ब्रशांची मागणी आली होती. जुना साचा झिजला होता म्हणून मिस्त्रींनी नवा पत्रा घेतला होता, तीन रांगा आखून भोकं पाडली होती आणि अर्धा साचा खिळ्याला टांगून ते घरी गेले होते. वडील लाकूड आणायला परगावी होते. दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिने तो पत्रा खाली काढला. आता इतक्या वर्षांनी तिला स्वतःला विचारायची सवय झाली होती की, हेतू काय होता? हेतू चांगला होता, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. मिस्त्री परत आले की पूर्ण साचा बघतील, अंगठा फिरवतील, म्हणतील, हे कुणी केलं? मग ती काही बोलणार नव्हती. त्यांनी ओळखावं आणि मान किंचित वाकवावी, एवढंच तिला हवं होतं.

तिने कंपास घेतला. चौथ्या रांगेत सहा खुणा बरोबर पडल्या. सातव्या खुणेला कंपासचं टोक सरकलं. फार नाही. सुतार ज्याला सूत म्हणतात ना, इंचाचा आठवा भाग, त्याच्याही निम्मं. सातवं भोक सहाव्याच्या दिशेने तेवढं सरकलं. आणि तिने ते पाहिलं. खूण पडली, तिने पाहिलं, दुसरा पत्रा घ्यायचा तर वडिलांचं कपाट उघडावं लागणार होतं आणि तीन रांगा नव्याने आखाव्या लागणार होत्या, दाराबाहेर लोकांचे पाय वाजू लागले होते. तिला वाटलं, अर्ध्या सुताने काय होतंय? तिने भोक पाडलं. उरलेली रांग आणि पाचवी रांग अचूक केली आणि साचा खिळ्याला टांगून ठेवला. मिस्त्री आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी साचा काढला, ठोकळ्यावर ठेवला आणि कामाला लागले. अंगठा फिरवलाच नाही. ती दिवसभर खालीच घोटाळत राहिली, मग तिला राग आला, आणि रागाने ती वर निघून गेली.

पंधरा दिवसांत पोती परत आली. सहाव्या आणि सातव्या भोकामधलं लाकूड कागदासारखं पातळ राहिलं होतं. पाणी लागलं, ते फुगलं, चिरलं, आणि चिरेतून झुबकेच्या झुबके बाहेर आले. पोतं उघडलं तर वर नुसते केस होते, जनावर कातरल्यासारखे. वडिलांनी साचा खिडकीपाशी धरून पाहिला. मग विचारलं, "हा कुणी केला?" खोलीत सात माणसं होती, तिला धरून. मिस्त्रींनी हात पुढे करून साचा घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, दूर नेला. म्हणाले, "मीच, मालक. मीच सुरू केला होता." पुढे काहीतरी म्हणणार होते, पण वाक्य सापडत नसल्यासारखे थांबले. ती तीन पावलांवर उभी होती. आता बोलायचं, असं तिला वाटलं. ते इतकं स्पष्ट वाटलं की तिने तोंड उघडलंही. पण वडील तोवर ओरडू लागले होते आणि ओरडणाऱ्या माणसाच्या मध्ये बोलायचं नाही अशी त्या घराची शिस्त होती. तिने ओरडणं संपायची वाट पाहिली. ते संपलं तेव्हा मिस्त्री दारात होते. वडिलांनी साचा त्यांच्या पायाशी फेकला. "घेऊन जा. रोज बघत बस." मिस्त्रींनी तो वाकून उचलला. उचलताना त्यांचा हात जमिनीवर दोनदा चाचपडला.

नजर गेलेल्या माणसाला गावातल्या दुसऱ्या दोन्ही कारखान्यांनी ठेवलं नाही. ते वडिलांनीच सांगून ठेवलं असावं. मिस्त्रींची बायको लोकांचे कपडे धुवायला जाते असं कानावर आलं. एकदा ती बाई समोरून येताना दिसली, कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी होती. तिला टाळायला ती स्वतः झटकन शेजारच्या गल्लीत वळली आणि एका अनोळखी दारापुढे कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी उभी राहिली. दारातून एक आजोबा बाहेर आले आणि म्हणाले, कुणाकडे आलीस बाळ? या प्रश्नाचं उत्तर तिला अजून सापडलेलं नव्हतं. पुढे ते कुटुंब गाव सोडून गेलं. पुढे प्लॅस्टिक आलं, कारखाना विकला गेला, वडील आजारी पडले. शेवटच्या महिन्यात त्यांना एकदा कारखाना आठवला. "मिस्त्री असता तर," ते म्हणाले, "मी जरा घाई केली का गं?" विचारत होते ते. तिला उत्तर द्यायला अख्खी दुपार होती. तिने त्यांची उशी सरळ केली.

"काय झालं मावशी? बसता का जरा?" ठेलेवालीने स्टूल पुढे सरकवलं. "ऊन लागलं असेल. बाबा, पाण्याची बाटली द्या इकडे."

चादर बाजूला झाली. तो माणूस तिला वाटला होता त्यापेक्षा लहान झाला होता. उंची सगळी पायांत उरली होती आणि पाय मुडपून तो एका खोक्यावर बसला होता, मांडीवर ठोकळा, ओठांत तार. डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. त्यांच्या डोक्यावर, लोखंडी खांबाला अडकवलेला, काळपट पडलेला पत्रा होता. अकरा-अकराच्या पाच रांगा. चौथ्या रांगेतलं सातवं भोक लाखेने बुजवलेलं. लाख इतकी जुनी की ती पत्र्याच्याच रंगाची झाली होती. त्यांनी बाटली अचूक मुलीच्या हातात दिली.

"कपड्यांचा ब्रश हवाय का बाईंना?" ते म्हणाले. "हात दाखवा. मुठीप्रमाणे पाठ बघावी लागते. लहान हाताला मोठा ब्रश दिला तर मनगट जातं."

तिने डावा हात पुढे केला. उजवा तिला दाखवायचा नव्हता. त्यांनी तळवा चाचपला, बोटांची लांबी घेतली, आणि तर्जनीच्या दुसऱ्या पेरापाशी त्यांची बोटं थांबली. तिथेच मागेपुढे फिरली.

"ओढकाम केलंय तुम्ही."

"हो."

"पुष्कळ वर्षं. एक-दोन महिन्यांत असं होत नाही. कुठे?"

आता ती काहीही सांगू शकली असती. जगात ब्रशांचे कारखाने थोडे नव्हते. सून अजून कुंभाराकडेच होती, तिचा आवाज ऐकू येत होता. ब्रश घ्यावा, पैसे द्यावे, घरी जावं, आणि उरलेली वर्षं रोज सकाळी कपड्यांवर तो फिरवावा, हेही करता आलं असतं. आजवर तिने जे केलं त्याच्याशी ते अगदी जुळलं असतं. तिला जाणवलं की आपण पुन्हा कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघतो आहोत, आणि या वेळी कुणीच बोलत नाहीये.

"तुमच्याच हाताखाली," ती म्हणाली. "तीन खिडक्यांच्या खोलीत."

म्हाताऱ्याने तिचा हात सोडला नाही. चेहरा किंचित वर केला, आवाजाची दिशा पक्की करून घेतल्यासारखा. "मास्तरीणबाई?" ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं, खरंखुरं, तोंडातली तार पडेल एवढं. "अहो, कुठे होतात? मालक?"

"ते जाऊन तीस वर्षं झाली."

"माणूस वाईट नव्हता. चूक माझी होती. मी त्यांच्या जागी असतो तरी..."

"तो साचा तुम्ही चुकवला नव्हता," ती म्हणाली. "मी चुकवला."

हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतून रिकामं होत गेलं. मग त्यांनी तिचा हात सोडला, मांडीवरचा ठोकळा बाजूला ठेवला, तार गुंडाळून खिशात घातली. हे सगळं त्यांनी क्रमाने केलं. बोलले तेव्हा आवाज कामाचा होता.

"कोणतं भोक?"

"चौथ्या रांगेतलं सातवं."

"ते इथे उभा राहिलेला कुणीही सांगेल. कशाने घेतलंत?"

"कंपासने."

"मग सरकलं कसं?"

"टोक खुणेत नीट बसलं नव्हतं. अर्धं सूत मागे आलं. मी पाहिलं होतं."

"पाहिलं होतं?"

"हो. पाहिलं होतं. वाटलं, अर्ध्या सुताने काय होतंय."

त्यांनी हात वर करून खांबावरचा पत्रा काढला. कुणाची मदत लागली नाही. अंगठा पहिल्या रांगेवरून नेला, दुसऱ्या, तिसऱ्या. "या तीन माझ्या," ते म्हणाले.

"त्या तुमच्या."

"बरोबर आहेत."

"तिन्ही बरोबर आहेत."

"हं," ते म्हणाले. बराच वेळ तो अंगठा तिसऱ्या आणि चौथ्या रांगेच्या मध्ये होता. "त्या आठवड्यात डोळ्यांत औषध होतं. सगळं धुकं. मला वाटायचं, आलो असेन, केलं असेल. आठवायचं नाही. आठवत नाही म्हणून रोज आठवायला बसायचो. आंधळ्याला काय दुसरा उद्योग? हातात काम आणि डोक्यात तो आठवडा. बायको म्हणायची, तुम्ही केलं नसेल. मी म्हणायचो, मी नाही तर कोण? तिच्याशी भांडलो मी यावरून. ती गेली तरी..." ते थांबले. चेहरा तिच्याकडे वळला, थोडासा चुकून, तिच्या खांद्याच्या बाजूला. "आता काय आठवू मी?"

तिच्या तोंडाशी तो शब्द आला, जो अशा वेळी म्हणायचा असतो. तिने श्वास घेतला तेवढ्यावरून त्यांना तो कळला.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "ते घेऊन मी काय करू? हिला सांगा. गिऱ्हाईक हिला विचारतं."

ठेलेवाली हातात फडकं घेऊन उभी होती. ती एकदा बापाकडे बघत होती, एकदा तिच्याकडे, आणि मघाची सगळी उत्तरं तिच्या चेहऱ्यावरून पुसली गेली होती. तीन-चार वर्षांची असताना ती जिच्या कडेवर होती, ती बाई लोकांचे कपडे धुवायला का जात होती, हे तिला आत्ता समजत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अहो, हा जरा खराब आहे वाटतं." फळीपुढे एक गृहस्थ उभे होते, गळ्यात चष्मा, हातात कपड्यांचा ब्रश. त्यांच्या मागून सून येत होती, दोन्ही मग छातीशी धरून. "इथे बघा. मधलाच एक झुबका नाहीये."

ठेलेवालीने सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"ती माझी चूक आहे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारचा साबणवालाही वळला. "बेचाळीस वर्षांपूर्वी यांचा साचा मी बिघडवला आणि यांच्या नावावर जाऊ दिला."

"आई?" सून म्हणाली.

तिने मागे पाहिलं नाही. उजवा हात पदरातून बाहेर आला होता आणि सगळ्यांसमोर कापत होता. तो तिने तसाच राहू दिला. गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, हातातला ब्रश ठेवला, शेजारचा घेतला. तो ठेवला, तिसरा घेतला. चौथा उलटून उजेडात धरला.

"सगळ्यांतच आहे की काय?"

"सगळ्यांत," ती म्हणाली.

चादर पुन्हा पडली होती. तिच्यामागून तार ओढल्याचा आवाज येत नव्हता. स्टुलावर न बसता ती तिथेच उभी राहिली आणि तो येण्याची वाट पाहू लागली.